सांगण्याजोगं दुखणं

“तुम्हाला पुरेल,” डॉक्टर हर्षल म्हणाले आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे वळले. त्यांच्या आवाजात विशेष काही नव्हतं. शिंपी कापड मापून पुरेल म्हणतो, तसं ते म्हणाले. आदिनाथने शेजारी बसलेल्या बायकोकडे, राहीकडे पाहिलं. ती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. तिने ते ऐकलं असावं किंवा नसावंही. प्रश्न त्यानेच विचारला होता. हृदयातली मोठी झडप कडक झाली आहे, ती काढून दुसरी घालायची, हे मागच्या भेटीत ठरलं होतं. नवी झडप दोन प्रकारची मिळते हे आज कळलं. एक धातूची, आयुष्यभर चालणारी, पण तिच्यासोबत रक्त पातळ ठेवायची गोळीही आयुष्यभर. दुसरी जनावराच्या कातडीपासून केलेली, तिला ती गोळी कायमची लागत नाही, पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजते. डॉक्टर त्याला ही दुसरी घालणार होते. आदिनाथ चोपन्न वर्षांचा होता. त्याने सहज विचारलं, “मग पंधरा वर्षांनी काय?” आणि डॉक्टर म्हणाले, “तुमच्या ब्लडचा प्रॉब्लेम बघता, तुम्हाला पुरेल.” पुढचा पेशंट दार ढकलून आत डोकावत होता. राही उठली म्हणून तोही उठला. खुर्ची मागे सारताना ती फरशीवर कर्कश वाजली आणि त्याने डॉक्टरांना सॉरी म्हटलं.

बाहेर दुपारचं ऊन होतं. रिक्षा नगरच्या मनमाड रोडने सावेडीकडे निघाली आणि रस्ता, दुकानांच्या पाट्या, दुभाजकावरची वाळलेली झाडं हे सगळं रोजच्यासारखंच दिसतंय याचं त्याला नवल वाटलं. काही वेळाने राहीने विचारलं, “जनावराची म्हणजे कसली हो?” “गाईबैलाची,” तो म्हणाला. “काळजाभोवती पिशवी असते, तिच्यापासून करतात.” राही रस्त्याकडे बघू लागली. घराच्या वळणावर म्हणाली, “आईंना नका सांगू तेवढं.” त्याने मान हलवली. काळजाभोवतीच्या त्या पिशवीला त्याने हात लावलेला होता. त्याची सगळी नोकरी कर्जत आणि जामखेडच्या पट्ट्यात जनावरांच्या दवाखान्यात गेली. हुद्द्याने तो पशुधन पर्यवेक्षक होता, पण गावातले लोक त्यालाही डॉक्टरच म्हणत. मेलेलं जनावर विम्यासाठी फाडायची वेळ आली की मोठ्या डॉक्टरांच्या जोडीला बाह्या सारून तोच उभा असे. चाऱ्यातून तारेचा तुकडा गिळलेली गाय असली की ती तार पोटातून पुढे सरकत काळजापाशी गेलेली सापडे. पिशवी जाड झालेली, पिवळी, आत घाण वासाचं पाणी. धड असलेल्या जनावराची तीच पिशवी मात्र इतकी पातळ असे की बोटावर धरली तर पलीकडचं नख दिसावं. मालक बहुतेक लांब लिंबाखाली पाठ करून बसलेला असायचा. जामखेडकडच्या एका वस्तीवर मात्र एक बाई जवळ येऊन उभी राहिली होती. सगळं उरकल्यावर तिने विचारलं, “आदीपासून दुकत असंल का ओ तिला?” आदिनाथ हात धूत होता. “नाही,” तो म्हणाला, “तिला कळलंही नसेल.” हे खरं नव्हतं. तार गेलेली गाय कोपरं बाहेर काढून उभी राहते, उताराला पाय टाकत नाही, बसताना कण्हते. बाईला बरं वाटलं होतं, आणि त्यालाही. आज रिक्षात बसल्या बसल्या त्याला ती बाई आठवली आणि वाटलं, डॉक्टर हर्षलनी आपल्यालाही असं काहीतरी सांगायला हरकत नव्हती. मग वाटलं, नाही, त्यांनी खरं तेच सांगितलं, फक्त सांगतोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

रक्ताचं सहा वर्षांपूर्वी निघालं. ऑफिसच्या आरोग्य तपासणीत पांढऱ्या पेशी जास्त आल्या, पुन्हा तपासल्या तर पुन्हा जास्त, आणि तिथून पुण्याला रक्ताच्या डॉक्टर मॅडमकडे. मॅडमनी सावकाश सांगितलं होतं की हा रक्ताचा कॅन्सर आहे, पण संथ चालीचा. आत्ता औषध द्यायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. औषध नाही हे ऐकून त्याला आधी सुटल्यासारखं झालं. पुढे पुढे तेच खुपू लागलं. गोळी असती तर ती रोज जिभेवर ठेवताना आपण त्याच्याशी काहीतरी करतोय असं तरी वाटलं असतं. आता तो आजार नुसता होता. कुठे दुखत नव्हता, ताप आणत नव्हता, जेवणाची चव घालवत नव्हता. दाढी करताना आरशातल्या तोंडाकडे बघत आदिनाथ मनात म्हणे, याला आहे. आणि ज्याला आहे तो माणूस फेस लावून गाल फुगवत असे. त्या वर्षी निकिताला स्थळं येत होती. निकिता त्यांची एकुलती मुलगी. तिच्या मामांना लहानपणी फिट येत एवढ्या गोष्टीवरून श्रीगोंद्याचं एक चांगलं स्थळ बोलणी होता होता फिरलं होतं. राही म्हणाली, “एवढं लग्न होऊ द्या. मग सांगू सगळ्यांना.” लग्न झालं. मग निकिताला दिवस गेले, आणि अशा दिवसांत कुणी असलं सांगतं का? मग बाळंतपण झालं, नातीचं बारसं झालं आणि थांबण्याजोगं काही उरलं नाही. पण तोवर सांगण्याची वाटच बुजली होती. आता कुणालाही सांगायचं तर आधी इतके दिवस का नाही सांगितलं याचं उत्तर द्यावं लागणार होतं, आणि ते उत्तर दोघांनाही नीट ठाऊक नव्हतं.

म्हणून गेल्या हिवाळ्यात हृदयाचं निघालं तेव्हा आदिनाथला, कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, पण थोडा आनंदच झाला. मिरजगावच्या पुढे एका गोठ्यात अडलेल्या गाईचं वासरू ओढताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो शेणातच आडवा झाला. शुद्धीवर आला तेव्हा चार माणसं तोंडावर पाणी मारत होती आणि वासरू अजून अर्धं आतच होतं. नगरला तपासण्या झाल्या. जन्मापासून त्याच्या त्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या होत्या, आणि इतक्या वर्षांत त्यांच्यावर चुना साठून त्या उघडेनाशा झाल्या होत्या. हे त्याने सगळ्यांना सांगितलं. फोनवर सांगितलं, ऑफिसात सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं. दोन पाकळ्यांचं तर तो बोटं जुळवून दाखवू लागला. लोक भेटायला येऊ लागले, आणि हृदयाबद्दल लोक किती मोकळेपणाने बोलतात हे बघून तो चकित झाला. शेजारच्या आबासाहेबांनी शर्टाची बटणं काढून आपल्या बायपासचा वण दाखवला आणि त्यावरून बोट फिरवत ते कुठे जाऊन आले, काय खाल्लं, किती चालतात ते सांगत बसले. हृदय म्हणजे कष्ट, काळजी, माणूस मनाला लावून घेतो वगैरे. त्यात कुणाला कमीपणा नव्हता. आदिनाथ सोफ्यावर बसून ऐकत असे आणि आजारी माणसाला मिळायचं ते सगळं, सहा वर्षं न मिळालेलं, एकदम मिळत असल्यासारखं त्याला वाटे. पण पाहुणे उठले, चपला घालून जिना उतरू लागले, की त्याच्या लक्षात येई, हे सगळे दुसऱ्याच कुणाला भेटून गेले.

गावाकडून श्रीमंत आईला, बनुबाईला घेऊन आला. श्रीमंत त्याचा धाकटा भाऊ. भीमेकाठची जमीन तोच बघायचा. बनुबाई जिना चढून आली, दाराशी थांबली, आदिनाथला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि न बोलता आत येऊन खाली भिंतीला टेकून बसली. सोफ्यावर ती कधीच बसत नसे.

“दादा, रगात लागलं तर सांग,” श्रीमंत म्हणाला. “गावातली मान्सं आणून उभी करतो.”

“नाही लागणार.”

“काळजाच्या आपरेशनला रगात लागत न्हाई?”

“त्यांची व्यवस्था असते सगळी.”

श्रीमंतने वहिनीकडे पाहिलं. राही चहा गाळत होती आणि गाळून झाल्यावरही गाळणं तसंच धरून उभी होती. आदिनाथला समोर दिसत होतं, गावातली माणसं रक्तपेढीत रांगेने बसली आहेत आणि तिथली कुणी मुलगी सहज विचारते आहे, त्या ब्लड कॅन्सरच्या पेशंटचे का तुम्ही?

“काळीज उगडत्यात,” बनुबाई भिंतीपाशी बसून म्हणाली, “मग तेवडा वेळ ते चालू असतं का बंद?”

“बंद ठेवतात, आई. मशिन चालवतं तेवढा वेळ.”

“मग तवा तू कुटं असतो?”

श्रीमंत हसला आणि म्हणाला, आई पण काय विचारती. बनुबाई हसली नाही. ती उत्तराची वाट बघत होती. मग तिने चहाची बशी उचलली.

भरती व्हायच्या आधीच्या आठवड्यात निकिता नातीला सासरी ठेवून पुण्याहून आली. डॉक्टर हर्षलकडे तिला कामापुरतंच आत न्यायचं, डॉक्टर बोलतील तेव्हा बाहेर बसवायचं, असं राहीने मनात ठरवलं होतं. पण निकिता सरळ आत येऊन खुर्ची ओढून बसली. डॉक्टर हर्षल नेहमीसारखे भरभर बोलले. ऑपरेशन अवघड नाही, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग या दोन गोष्टींना जपायचं. पायाच्या शिरेतून झडप घालायची सोय असते, पण दोन पाकळ्यांच्या झडपेत ती नीट बसेल याची खात्री नाही, म्हणून छाती उघडायची. “आणि प्लेटलेटचे डोनर तयार ठेवा. ल्युकेमियामुळे त्यांच्या प्लेटलेट मुळातच कमी आहेत.” “कशामुळे?” निकिताने विचारलं. डॉक्टरांनी तिच्याकडे, मग आदिनाथकडे पाहिलं आणि त्या एका क्षणात त्यांना सगळं समजलं. ते पहिल्यांदाच हळू बोलले. म्हणाले, “तुम्ही आधी घरी बोलून घ्या.”

घरापर्यंत जायला कुणाला धीर नव्हता. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तिघं एका टेबलाशी बसले. शेजारी कुणीतरी वडापाव खात होतं.

“किती वर्षं?” निकिताने विचारलं.

“सहा,” आदिनाथ म्हणाला.

“म्हणजे माझ्या लग्नाच्या आधीपासून.”

“तुझ्यासाठीच ना गं,” राही म्हणाली.

“माझ्यासाठी नका म्हणू, मम्मी.” निकिताचा आवाज चढला नाही. “माझं नाव पुढे करून तुम्ही दोघं गप्प बसलात. मला एकदा तरी विचारलंत, की असं लपवून केलेलं लग्न हवंय का म्हणून? पप्पा पुण्याला यायचे, माझ्याकडे जेवून जायचे. भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट. मी आमच्या घरी सांगायचे, पप्पांना आता ऊन सोसत नाही. आत सुई टोचलेली असायची ना?”

कोपराच्या खळीत चिकटपट्टीखाली कापसाचा बोळा असे आणि निकिता वाढायला वाकली की तो हात आपोआप टेबलाखाली जाई. ती रडेल असं त्याने धरलं होतं. सहा वर्षं त्याने मनात हा प्रसंग कितीदा तरी घडवला होता आणि दर वेळी ती रडत होती, तो तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. आता ती कोरड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती आणि पाठीवरून हात कुणी कुणाच्या फिरवायचा हे कळत नव्हतं. बोलायचं म्हणून, किंवा ते इतके दिवस घशाशी होतं म्हणून, तो म्हणाला, “डॉक्टर म्हणाले, कातडीची झडप मला पुरेल.”

“पुरेल म्हणजे?”

“पंधरा वर्षं चालते ती. तेवढी पुरेल.” मग तो म्हणाला, “मला धातूची पाहिजे.”

हे आपल्याला हवंय हे त्याला बोलेपर्यंत माहीत नव्हतं. बोलल्यावर मात्र ते अगदी साधं, पहिल्यापासून ठरलेलं वाटलं. ज्या माणसाला आयुष्यभराची वस्तू देतात, त्याला आयुष्य आहे असं धरलेलं असतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस हात पुसून निघून गेला. राही रडत होती, पण आवाज न करता, आणि निकिताने तिच्याकडे न बघता पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी निकिताने त्याला पुण्याला मॅडमकडे नेलं. इतकी वर्षं तो तिथे एकटा किंवा राहीबरोबर गेला होता. मुलीबरोबर त्या बाकावर बसताना आपण पहिल्यांदाच पेशंट म्हणून आलोय असं त्याला वाटलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तुम्ही पंधरा वर्षांत जाणार, असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगितलं नाही. पुरेल म्हणाले.”

“धातूची झडप घातली तर रक्त कायम पातळ ठेवावं लागेल,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या प्लेटलेट आत्ताच कमी आहेत. उद्या या आजाराचं औषध सुरू करावं लागलं, तर त्यातल्या काही औषधांनी रक्त आणखी वाहतं. दोन्ही मिळून मेंदूत रक्तस्राव झाला तर मी काय करू? म्हणून ती नको. तुम्ही लवकर जाणार म्हणून नको, असं नाही. तुमच्यासारखे काही पेशंट माझे केस पांढरे झाले तरी येताहेत. काही येत नाहीत, तेही खरं. तुम्ही कुठल्यात असाल ते मला माहीत नाही, आणि डॉक्टर हर्षलनाही नाही. तुमच्याआधी झडप झिजली तर ती बदलू. मला तरी तो दिवस बघायला आवडेल.”

परतीच्या वाटेवर शिरूर मागे पडलं तरी तो त्या बोलण्याभोवतीच फिरत होता. त्यात धीर देण्यासारखं फारसं नव्हतं. मॅडम म्हणाल्या ते दोन्ही बाजूंनी सारखंच उघडं होतं. पण आपलं अजून ठरलेलं नाही, ठरवणारा कुणी खुर्चीत बसून मोजून मोकळा झालेला नाही, एवढं कळल्यावर छातीतलं काहीतरी जागेवर बसलं. ते नेमकं काय हे त्याला सांगता आलं नसतं. गाडीच्या काचेतून कापलेल्या उसाची रानं, पेटवलेलं पाचट, त्याचा धूर दिसत होता. वाटेत एका हॉटेलापाशी निकिताने गाडी थांबवली, खाली उतरली आणि गाडीला टेकून फोन लावला. काच अर्धी उघडी होती.

“काका, निकी बोलतेय. ऐका. पप्पांना रक्ताचा कॅन्सर आहे. हो. सहा वर्षं झाली. मला काल कळलं.” मग ती फोन कानाशी धरून चपलेने खडा उकरत राहिली. आदिनाथने मान खाली घातली. आता श्रीमंत विचारणार, सख्ख्या भावाला एवढं परकं केलं का म्हणून, आणि निकिता काय सांगणार. निकिता म्हणाली, “बी पॉझिटिव्ह. पण प्लेटलेटला दुसराही चालू शकतो, ते सांगतील तिथे.” ती येऊन गाडीत बसली. “काय म्हणाला?” आदिनाथने विचारलं. “काही नाही,” ती म्हणाली. “विचारलं, कोणत्या गटाचं लागतं.”

रक्त द्यायला गावातले लोक पिकअपमधून आले. आदिनाथची त्यांच्याशी भेट झाली नाही. त्याला तेव्हा भरती करून संसर्ग नको म्हणून वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. राही सांगे तेवढंच त्याला कळे. कोण कोण आलं, कुणाची शीर सापडली नाही, कुणाला आधी जेवायला पाठवलं. त्यात कल्याणचं नाव आलं तेव्हा त्याने पुन्हा विचारलं. कल्याण त्याचा शाळेतला सोबती. श्रीमंत पंचायतीला उभा राहिला त्या वर्षीपासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. जत्रेत समोरासमोर आले तरी दोघं पलीकडे बघत. “ते सगळ्यांत जास्त वेळ होते त्या प्लेटलेटच्या मशिनला,” राही म्हणाली. “मी म्हटलं, भेटून जा, काचेतून दिसतील. तर म्हणाले, नको, गाडी थांबलीय.” आदिनाथ पांढऱ्या छताकडे बघत राहिला. सहा वर्षं त्याला वाटत आलं होतं, लोकांना कळलं की ते आपल्यापासून दोन पावलं मागे सरतील. चहाचा कप वेगळा ठेवतील, आवाज उतरवतील, मुलीकडे वेगळ्या नजरेने बघतील. तसे लोक असतीलही. पण काचेपलीकडून न भेटता निघून गेलेला हा माणूस त्याच्या हिशेबात कुठेच बसत नव्हता, आणि त्यामुळे सगळाच हिशेब पुन्हा मांडावा लागणार होता. तेवढी ताकद त्या दिवशी त्याच्यात नव्हती.

सकाळी त्याला आत नेलं. छतावरचे दिवे एकामागून एक मागे जात होते. आईचा प्रश्न त्याला आठवला आणि त्याने ठरवलं की लक्ष ठेवायचं, आपण कुठे असतो ते बघायचं. कुणीतरी म्हणालं, दीर्घ श्वास घ्या. त्यानंतर काहीही नव्हतं. अंधार नव्हता, स्वप्न नव्हतं, वेळ गेला असंही नव्हतं. मग घशात नळी होती, हात बांधलेले होते, आणि तहान. इतकी तहान की तिला बाकी कशाची जागाच उरली नव्हती. त्याला वाटलं आपण गोठ्यात आहोत आणि कुणीतरी दावणीचं पाणी आपल्या तोंडापासून लांब ठेवलंय. त्याला नंतर कळलं की त्याच दिवशी त्याची छाती दुसऱ्यांदा उघडावी लागली होती. टाक्यांतून रक्त थांबत नव्हतं, आणि गावाकडून आलेल्या प्लेटलेटच्या पिशव्या एकामागून एक त्याला चढवल्या होत्या. त्यानंतर ताप आला, फुप्फुसात कफ भरला. जी पांढरी पेशी इतरांना राखते ती त्याच्याकडे उदंड होती, पण कामाची नव्हती. दिवस एकमेकांत मिसळले. एका दुपारी तो पुरता शुद्धीवर आला तेव्हा पलंगापाशी स्टुलावर डॉक्टर हर्षल बसलेले होते. अंगात घरचा टी-शर्ट होता, डोळे लाल, हनुवटीवर दाढीचे खुंट. “घाबरवलंत तुम्ही,” ते म्हणाले. आदिनाथच्या मनात होतं की एकदा यांना ‘पुरेल’ या शब्दाबद्दल विचारायचं. पण बघितल्यावर दिसलं, यांना ते आठवतही नाही. आणि हा माणूस आपल्या निकितापेक्षा फार मोठा नाही. त्याने ओठ हलवले. डॉक्टर वाकले. “पाणी,” आदिनाथ म्हणाला, आणि डॉक्टरांनी चमच्याने त्याला पाणी पाजलं.

उन्हं तापू लागली तेव्हा तो गावी गेला. गोठ्याकडे जायचं नाही, धुळीत बसायचं नाही या अटीवर मॅडमनी परवानगी दिली होती. श्रीमंतने ओट्यावर बाज टाकून दिली होती. येणारे-जाणारे थांबत, बरं हाय का विचारत, आणि ज्यांना ठाऊक होतं तेही तेवढंच विचारत. कल्याण एकदा रस्त्याने गेला. त्याने मान हलवली, आदिनाथनेही हलवली. बनुबाईला मात्र अजून कुणी सांगितलं नव्हतं. श्रीमंत म्हणाला होता, “आईला कशाला आता? वय झालंय तिचं.” हे शब्द कुठले आहेत ते आदिनाथने लगेच ओळखलं. ते त्याच्या घरचे होते, सहा वर्षं वापरलेले.

दुपारी घरात सगळे आडवे झाले होते. बनुबाई बाजेपाशी येऊन बसली आणि त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं काढून तिने वण पाहिला. तो अजून लालसर होता. तिने त्याला हात लावला नाही.

“भरून आलंय,” ती म्हणाली.

“आई,” आदिनाथ म्हणाला, “हे काळजाचं झालं. पन मला दुसरं बी हाय. रक्ताचा कॅन्सर हाय.”

गावी आल्यावर त्याची बोली अशी आपोआप बदलत असे. तो शब्द त्या बोलीत त्याने आजवर कधी उच्चारला नव्हता; वाटला होता त्यापेक्षा तो लहान निघाला. बनुबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“कदीपासनं?”

“सहा वर्सं झाली.”

“श्रीमंताला ठावं हाय?”

“हाय.”

“निकीला?”

“हाय.”

“म्हंजी मीच ऱ्हायले हुते,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता. पंगत उठल्यावर कुणी जेवायचं राहिलंय का ते बघावं, तसं ती म्हणाली. तो काहीतरी बोलायला गेला, पण तिने ऐकायची वाट पाहिली नाही. “हे दिसतंय तरी,” वणाकडे बघत ती म्हणाली. “ते कुटं हाय?”

ते कुठे नसतं, आई, ते सगळीकडे असतं, असं सांगता आलं असतं. तापानंतर त्याच्या जबड्याखाली एक गाठ आली होती. मॅडमना ती माहीत होती. पुढच्या महिन्यात औषध सुरू करायचं का ते त्या ठरवणार होत्या. राहीलाही त्याने ती चाचपू दिली नव्हती. आदिनाथने आईचा हात धरला आणि तिची बोटं तिथे नेऊन ठेवली. बोटं खरखरीत होती, गार होती. त्यांना गाठ सापडली, सुटली, पुन्हा सापडली.

“दुकतंय?”

“न्हाई.”

तिने गाठीभोवती बोट फिरवलं, जरा दाबून पाहिलं. त्याने मान वर करून धरली होती. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब जाऊन विरला तरी तिचा हात तिथेच होता. मग तिने दुसरा हात उचलून त्याच्या जबड्याच्या पलीकडच्या बाजूला लावला आणि डोळे मिटून चाचपू लागली.

“हिकडंबी हाय एक,” ती म्हणाली.

“व्हय,” आदिनाथ म्हणाला, “हिकडंबी हाय.”